सक्तीचं कुलूप

माझी बायको वासंती संगणकाच्या पोटातलं जुनं सामान काढून टाकते. कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो, कारण मी आयुष्यभर भूगोल शिकवला आणि त्यापुढचं मलाही धड कळत नाही. लिनक्स नावाच्या प्रणालीचा एक गाभा असतो, त्याला ती मंडळी कर्नल म्हणतात. त्यात वर्षानुवर्षं साठलेल्या सोयींपैकी कुठल्या आता कुणाच्या कामाच्या नाहीत, हे शोधायचं, जगाला विचारायचं आणि कुणी हूं की चूं केलं नाही की काढून टाकायचं. बांधणाऱ्याचं कौतुक होतं. पाडणाऱ्याला लोक फक्त शिव्या देण्यापुरते आठवतात. वासंती घरी येते तेव्हा तिचा चेहरा दिवसभर कुणाशी तरी हुज्जत घालून आल्यासारखा असतो.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या गटाने तिथलं एक कुलूप काढलं. एक माणूस फाइलमध्ये लिहीत असताना दुसऱ्याने त्यातच लिहू नये म्हणून ते असतं. त्यात दोन प्रकार. एक समजुतीचं: लिहिण्याआधी प्रत्येकाने "कुणी आहे का?" असं विचारायचं. दुसरं सक्तीचं: कुणी विचारो न विचारो, मशीनच त्याला दारात अडवून धरायचं. हे दुसरं कुलूप म्हणे कुचकामी होतं, त्यात फटी होत्या, आणि ते कुणी वापरतही नव्हतं. तरी रीतसर विचारणा झाली, जुन्या मशीनच्या पडद्यावर सूचना झळकत राहिली, उत्तर आलं नाही. वासंतीने तो भाग उडवला आणि त्या दिवशी कधी नव्हे ती लवकर झोपली.

मग या वर्षी आमच्या स्पृहाचं लग्न ठरलं. जावई केयूर जर्मनीला निघालेला, त्यामुळे मुहूर्त पाहायला फारशी जागा नव्हती. कार्यालय मात्र आमच्या दृष्टीने एकच होतं, नारायण पेठेतलं. त्याला लागूनच माझे सासरे रावसाहेब राहतात. त्यांना आता गाडीत बसवत नाही, डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे. या कार्यालयात त्यांना खुर्चीसकट उचलून नेता आलं असतं. त्यांचं बरंचसं विस्मरणात गेलंय, माझं नावही ते अधूनमधून चुकतात, पण नातीच्या लग्नात अक्षता टाकायच्या आहेत हे रोज न चुकता सांगतात.

कार्यालयाचे व्यवस्थापक दत्तप्रसाद हे सावकाश गृहस्थ. त्यांची पद्धत अशी, की आधी मशीनवर तारखेचं पान उघडून ठेवायचं, मग गिऱ्हाइकाशी जेवणाचा विषय काढायचा, आणि सगळं ठरलं की शेवटी नाव घालून पान बंद करायचं. घाई केली तर म्हणतात, "लग्न तुम्हाला करायचंय, मला नाही." मी जिलबी की श्रीखंड यावर बराच घोळ घातला. वासंती कंटाळून बाहेर बाकावर जाऊन बसली. अखेर जिलबी ठरली, आमचं नाव लागलं, पावती मिळाली.

पत्रिका छापून झाल्यावर दत्तप्रसादांचा फोन आला. आम्ही दोघे गेलो. तिथे भीमराव नावाचे गृहस्थ बसले होते. खडकीच्या कारखान्यात नोकरी, मुलगी अवनी. त्यांच्या हातात त्याच तारखेची, त्याच मुहूर्ताची पावती. कार्यालयाचं एक काउंटर खडकीलाही आहे, नोंद मात्र या एकाच मशीनमध्ये होते. भीमरावांनी तिथे नाव दिलं होतं आणि मशीनमध्ये त्यांच्या नावाचा मागमूस नव्हता. होतं ते आमचं.

दत्तप्रसादांच्या मते प्रश्न मिटलेलाच होता. मशीन खोटं बोलत नाही, तेव्हा खडकीच्या पोराने पावती चुकीची फाडली असणार. पूर्वी इकडे पान उघडं असलं की खडकीचं मशीन आपोआप थांबून राहायचं, गेल्या दिवाळीत नवं मशीन आणल्यापासून काय बिनसलंय देव जाणे, असंही ते पुटपुटले. जुन्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी सारखं येत असे, ते त्यांनी एका माणसाकडून बंद करून घेतलं होतं. भीमराव आवाज न चढवता म्हणत होते, की सोयरे नागपूरहून यायचे आहेत, गाडीची तिकिटं निघाली आहेत.

वासंतीचा चेहरा उतरलेला मी पाहिला. तिने दत्तप्रसादांना दोन-तीन गोष्टी विचारल्या, दोन्ही पावत्यांवरच्या वेळा पाहिल्या, आणि मला बाहेर घेऊन आली. काय झालं असावं ते तिने मला थोडक्यात सांगितलं. खडकीचा प्रोग्राम नंतर कुणी दुसऱ्याने लिहिलेला. तो कुलुपाची चौकशी न करता थेट लिहायला जायचा, आणि सक्तीचं कुलूप त्याला अडवायचं. नव्या मशीनमध्ये ते कुलूपच नव्हतं, त्यामुळे अडवणारं कुणी नव्हतं. आमचं पान उघडं असताना, मी जिलबीवर अडलो असताना, भीमरावांचं नाव लिहिलं गेलं. मग दत्तप्रसादांनी आपलं आधी उघडलेलं पान आमच्या नावासह त्यावर ठेवून दिलं आणि ते नाव पुसलं गेलं.

मला राग आला. मी म्हटलं, "म्हणजे पान आपण आधी उघडलं होतं. कुलूप असतं तर ते थांबले असते. तारीख आपलीच होती."

"हो," ती म्हणाली. "पण कुलूप नव्हतं. त्यांचं नाव आधी लागलं."

"हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार आहे?"

बाबांचं काय, असंही मी विचारलं. ते विचारायला नको होतं, पण मला तेव्हा भीमरावांची मुळीच पर्वा नव्हती. ती आत गेली आणि दत्तप्रसादांना म्हणाली, "तारीख यांची आहे. आमचं नाव काढा." इतक्या खात्रीने कसं सांगता, असं त्यांनी विचारलं. "ते कुलूप मी काढलंय," ती म्हणाली. दत्तप्रसादांना काहीच कळलं नाही. भीमरावांनी हात जोडले, ते तिला बघवलं नाही.

स्पृहाचं लग्न आठवडाभर आधी कोथरूडला झालं. रावसाहेब आले नाहीत. नवराबायको जोडीने नमस्काराला गेली तेव्हा त्यांनी आशीर्वाद दिला आणि लग्न कधी आहे, असं विचारलं. स्पृहा रिक्षात बसेपर्यंत कशीबशी रडू आवरून होती.

त्या तारखेला आम्ही दोघे रावसाहेबांकडे होतो. सकाळपासून शेजारी अवनीच्या लग्नाची सनई लागली होती. लाउडस्पीकरवरून मंगलाष्टकं सुरू झाली तसे ते खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "अगं, मला खिडकीशी ने. अक्षता कुठायत?"

मला वाटलं, आता ही त्यांना खरं काय ते सांगेल. तिचा तसा स्वभावच आहे. ती स्वयंपाकघरात गेली, डब्यातले तांदूळ काढून त्यांना कुंकू लावलं, आणि रावसाहेबांच्या मुठीत दिले. प्रत्येक 'सावधान'ला ते खिडकीतून थोडे थोडे टाकत होते. खाली मांडवाच्या पत्र्यावर ते पडत होते.

"स्पृहा दिसते का गं?" त्यांनी विचारलं. "मला नीटसं दिसत नाही."

"दिसते, बाबा," वासंती म्हणाली. "छान दिसते."