पाठीमागची पायरी

मी एक जुनी पायरी आहे. जिन्यातली नव्हे, सुटी. चार लोखंडी पाय आणि वर खडबडीत पत्रा, एवढाच माझा संसार. एका मोठ्या रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये माझे सारे आयुष्य गेले.

मित्रांनो, थिएटरमध्ये पायरीचे काय काम, असे तुम्हाला वाटेल. ऑपरेशनच्या टेबलाभोवती डॉक्टर आणि नर्स यांची गर्दी असते. मागे उभे राहणाऱ्याला समोरच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. अशा वेळी माझ्यावर चढले की सगळे दिसते. म्हणून रुग्णालयाच्या कारखान्यातल्या लोहाराने मला घडवले. पाय घसरू नयेत म्हणून त्याने माझ्या चारही पायांना रबरी बूट घातले आणि स्वतः वर चढून दोन उड्या मारून पाहिल्या. “हत्ती उभा केला तरी हलायची नाही,” तो म्हणाला. एवढे कौतुक मला पुरले.

त्या काळी तिथे थोरल्या बाई होत्या. त्या शल्यचिकित्सक, म्हणजे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर, आणि शिक्षिकाही. त्यांच्या हाताखाली निवासी डॉक्टर शिकत. डॉक्टरकीची पहिली पदवी मिळालेली, पण ऑपरेशन शिकण्यासाठी काही वर्षे रुग्णालयातच मुक्काम ठोकून राहणारी ही तरुण मुले. पहिल्या वर्षी ती माझ्यावर उभी राहून नुसती पाहत. पुढे त्यांच्या हाती सुरी येई. तेव्हा ती खाली, टेबलाशी उभी राहत आणि माझ्यावर चढत थोरल्या बाई. हात पाठीमागे बांधलेले, नजर मुलाच्या खांद्यावरून थेट जखमेत.

बाईंनी एक रीत घालून दिली होती. पहिला छेद घेण्याआधी मुलाने मागे वळून न पाहता विचारायचे, “आहात ना?” मागून उत्तर यायचे, “आहे.” मगच सुरी टेकवायची. उत्तर आले नाही तर हात हलवायचा नाही. एकदा बाईंना शिंक येत होती म्हणून उत्तराला उशीर झाला, तर सगळे थिएटर श्वास रोखून शिंकेची वाट पाहत उभे होते!

मग बाई निवृत्त झाल्या. दुसरे एक शिक्षक परगावी गेले, तिसऱ्यांनी स्वतःचा दवाखाना काढला. त्यांच्या जागा भरल्याच नाहीत. उरले एकटे मोठे सर, विभागाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता. पण बाह्यरुग्ण विभाग, बैठका, व्यवस्थापनाचे फोन या सगळ्यांना ते एकटे कुठे पुरणार? ते थिएटरच्या दारातूनच डोकावत आणि म्हणत, “करून टाक. तू हुशार आहेस, तुला माझी काय गरज?”

ऐकायला ही शाबासकी होती. पण माझ्या पत्र्यावर आता कोणाचे पाय पडत नव्हते. माझ्यावर कापसाचे खोके ठेवू लागले. एका पायाचे रबर निघून पडले, ते कोणी परत बसवले नाही. मुले अजूनही सवयीने विचारत, “आहात ना?” आणि थिएटरची जबाबदारी सांभाळणाऱ्या सिस्टर साबणाने हात घासता घासता म्हणत, “मी आहे बाबा. पण मला काय त्यातलं कळतं? देवाचं नाव घे आणि कर.”

या मुलांमध्ये एक होती चिमणी. हे नाव सिस्टरनी ठेवलेले, कारण ती बुटकी होती. शेवटच्या वर्षाला होती, परीक्षा तोंडावर आली होती. तिचे वडील बसचालक होते आणि घराण्यात डॉक्टर होणारी ती पहिलीच. तिच्याहून एक वर्ष मागे होता लंबू. तो तिला ताई म्हणे.

आणि मग बातमी आली की तपासणी होणार.

मित्रांनो, आम्ही डॉक्टर घडवतो असे कोणत्याही रुग्णालयाला आपल्याच मनाने म्हणता येत नाही. त्यासाठी मान्यता लागते. ती देणाऱ्या मंडळाची माणसे अधूनमधून येऊन पाहतात. शिक्षक पुरेसे आहेत का? मुलांना कोणी समोर उभे राहून शिकवते का, की नुसते राबवून घेतात? उत्तरे बरी आली नाहीत, तर मान्यता जाते. मग तिथे शिकलेल्या वर्षांचे काय करायचे, असा प्रश्न मुलांपुढे उभा राहतो.

रुग्णालयात धावपळ उडाली. भिंतींना रंग लागला. “हात लावू नका रे,” सिस्टर ओरडल्या, “मान्यता ओली आहे अजून!” कोणी हसले नाही. माझ्यावरचे खोके उचलले गेले. मला घासूनपुसून टेबलामागे मांडले. रबराकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही.

तपासणीच्या सकाळी मोठे सर एका अनोळखी गृहस्थांना घेऊन आले. त्यांच्या पांढऱ्या कोटावर नव्या कापडाच्या घड्या तशाच होत्या. दुसऱ्या गावच्या या प्राध्यापकांना व्यवस्थापनाने एका दिवसापुरते आणले होते.

“कोणी विचारलं, तर हे रोज येतात,” मोठे सर जमिनीकडे पाहत म्हणाले. “तुमच्यामागे हेच उभे असतात. समजलं ना?”

ते गेल्यावर लंबूने चिमणीला गाठले. “ताई, तपासनीस तुझंच ऑपरेशन बघणार आहेत. हो म्हण आणि मोकळी हो.”

“आणि नाही म्हटलं तर?”

“तर तुझी परीक्षा बुडाली आणि आमची वर्षं पाण्यात गेली. हरिश्चंद्र व्हायचं असेल तर पास झाल्यावर हो ना!”

चिमणी नखे घासू लागली. स्वच्छ झाली तरी घासत राहिली.

टेबलावर चित्रकलेचे एक मास्तर होते. त्यांचे आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, सुजले होते. त्यांना भूल दिली गेली. तपासनीस भिंतीशी उभे राहिले. उंच, शांत माणूस, मास्कवर फक्त डोळे दिसत होते. मोठे सर दाराशी थांबले. पाहुणे प्राध्यापक माझ्या शेजारी, जमिनीवर उभे होते. माझ्यावर चढायचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

चिमणीने सुरी हातात घेतली आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने बोलून गेली, “आहात ना?”

“कोण?” पाहुणे दचकून म्हणाले. “मला विचारलंस का?”

थिएटर गोठले. सिस्टर छताकडे बघू लागल्या. तपासनिसांची मान हळूच पाहुण्यांकडे वळली. दारातून मोठ्या सरांचा कोरडा आवाज आला, “सुरू कर गं.”

तिने सुरू केले. हात चांगलाच होता तिचा. सूज आलेला भाग बाहेर आला, रक्तवाहिनीला गाठ बसली, कात्री चालली. आणि गाठ निसटली. पाहता पाहता जखम रक्ताने भरून गेली.

“चिमटा घाल!” पाहुणे ओरडले. “लवकर घाल, कुठेही घाल!”

चिमणीचा हात चिमट्याकडे गेला. काही न दिसता रक्तात चिमटा घालायचा, तर आतडे चिमट्यात सापडण्याची भीती. हे तिला माहीत होते. पण मागचा माणूस ओरडत होता आणि रक्त वाढत होते.

इतक्यात माझ्यावर वजन पडले. कित्येक दिवसांनी पडलेले माणसाचे वजन! तपासनीस वर चढले होते. नियमाप्रमाणे त्यांनी मध्ये पडायचे नसते. माझा बूट नसलेला पाय लटपटला. मी कलंडले असते तर ते थेट टेबलावर, मास्तरांच्या उघड्या पोटावर पडले असते. मी उरलेले तीन पाय जमिनीत रोवल्यासारखे घट्ट धरले. तेही सावरले.

“चिमटा ठेव,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “बोटानं दाब. नुसतं दाबून धर.”

तिने दाबले.

“थांब. घाई कोणालाच नाही. आता रक्त ओढून घ्या. आणखी. दिसतंय काही?”

“नाही... थांबा. दिसतंय.”

“मग आता धर.”

तिने धरले. गाठ बसली. जखमेत नवे रक्त आले नाही. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, “नाडी ठीक आहे,” आणि सिस्टरनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की त्यांचा मास्क फुगला.

मास्तरांना बाहेर नेल्यावर तपासनिसांनी चिमणीला थांबवून बाकी सगळ्यांना बाहेर पाठवले. सिस्टर मात्र कपड्यांच्या घड्या घालत राहिल्या. त्यांना थिएटरबाहेर काढणे मंडळालाही शक्य नव्हते.

“तुझ्यामागे रोज कोण उभं असतं?” तपासनिसांनी विचारले.

दाराच्या काचेतून लंबू दिसत होता. त्याने हात जोडले होते.

“सर, खरं सांगितलं तर...”

“काय होईल ते तुला माहीत आहे. मी घाबरवणार नाही आणि धीरही देणार नाही.”

“आणि खोटं सांगितलं तर?”

“पाहुण्यांना काही माहीत नाही, हे मी पाहिलंय. ते मी मंडळाला सांगेन. पण ते म्हणतील, एक दिवसाची गोष्ट, माणूस गोंधळला असेल. रोजचं फक्त तुम्ही मुलंच सांगू शकता.”

चिमणीने हातमोजे काढले. एक सहज निघाला, दुसरा निघता निघेना. काढलेला मोजा घट्ट धरून ती म्हणाली, “कोणी नसतं, सर.” मग तिने पुढे सांगितले, “पण मोठे सर वाईट नाहीत. ते एकटे आहेत. आज तुम्ही होता. उद्या हेच झालं तर मी कोणाचं ऐकू?”

सिस्टरच्या हातातली घडी मोडली. त्यांनी ती पुन्हा घातली नाही.

मान्यता थांबली. नवे निवासी डॉक्टर घेण्यास बंदी आली. शिकत असलेल्यांना दुसऱ्या रुग्णालयांत पाठवायचे ठरले. चिमणीची परीक्षा सहा महिने पुढे गेली. जाताना लंबू तिला म्हणाला, “ताई, पुण्य तुझं आणि वाटोळं आमचं.” तिने ऐकून घेतले.

एका दुपारी मोठे सर रिकाम्या थिएटरमध्ये आले. “सिस्टर,” ते म्हणाले, “जे मी बैठकीत टेबलावर हात आपटून सांगायला हवं होतं, ते त्या पोरीनं सांगितलं.” मग ते व्यवस्थापनाकडे गेले, पुन्हा पुन्हा गेले. मान्यता थांबल्यावर बैठकीत त्यांचे ऐकले जाऊ लागले. शिक्षकांच्या जागांची जाहिरात निघाली आहे म्हणतात. माणसे यायची आहेत.

काही आठवड्यांनी सिस्टरच्या फोनवर लंबूचा आवाज आला. फोन टेबलावर ठेवून त्या बोलत होत्या, म्हणून मलाही ऐकू आले.

“सिस्टर, आज मला इथे जाम ओरडा बसला. गाठ तीनदा सोडायला लावली सरांनी. मागेच उभे होते, मानेवर श्वास लागत होता त्यांचा.”

“मग रडतोस कशाला?”

“रडत नाही हो. ताईला सांगाल का?”

“मी काय पोस्टमन आहे? तिचा नंबर आहे ना तुझ्याकडे? तूच सांग.”

पलीकडे त्याने नाक ओढले. मग तो म्हणाला, “लावतो.”

मित्रांनो, शिकणारी मुले गेल्यामुळे थिएटरला सध्या कुलूप आहे आणि मी आत आहे. तुम्ही उद्या कोणी डॉक्टर व्हाल, कोणी मोटार दुरुस्त कराल, कोणी वर्गात शिकवाल. तुमच्या हाताखाली कोणी शिकायला आले, तर ‘तू हुशार आहेस’ एवढे म्हणून निघून जाऊ नका. त्याची चूक घडेल तेव्हा हाकेच्या अंतरावर असा. आणि तपासायला कोणी आले, तर जे नाही ते नाही म्हणून सांगा, मग आवाज कापला तरी चालेल. माझ्यासाठी मागणे थोडेच आहे. नवे शिक्षक येईपर्यंत मी रिकामी राहीन, तक्रार करणार नाही. फक्त कोणीतरी उभे असते असे भासवण्यासाठी मला पुन्हा मांडू नका.