उदाहरण सत्तेचाळीस

"चुकलंय ते तुमच्या पुस्तकाचं, माझ्या मुलीचं नाही," असं म्हणत बाईंनी संभाव्यतेचा सरावसंच काकांच्या टेबलावर उघडा करून ठेवला. मुलगी मागे दाराला टेकून उभी होती.

प्रकाशनाच्या कचेरीत त्यांना सगळे गणितकाका म्हणत. एकतीस वर्षं ते सरावाची उदाहरणं रचत होते, मागची उत्तरसूची तयार करत होते. पुस्तकावर नाव असे ते प्राध्यापकसाहेबांचं. त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं काका स्वतःला अधूनमधून बजावत.

उदाहरण सत्तेचाळीस. पानाकडे पाहायचीही गरज नव्हती. खोक्यात दहा दिवे, त्यांतले तीन निकामी. एक काढला, तो परत न ठेवता दुसरा काढला. दोन्ही निकामी निघण्याची संभाव्यता किती?

"मी एक पंधरांश लिहिलं," मुलगी हळूच म्हणाली. "मागे नऊ शतांश दिलंय. प्रवेश परीक्षेत हेच उदाहरण आलं, आणि त्यांनीही नऊ शतांशच बरोबर धरलं."

"एका मार्कानं नर्सिंगची जागा गेली हो," बाई म्हणाल्या. "तक्रारीचा उद्या शेवटचा दिवस. पुस्तकवाल्यांकडून लिहून आणा, मग बघू, असं परीक्षावाले म्हणतात."

चूक कुठली, ते काकांना ठाऊक होतं. मूळ उदाहरणात पहिला दिवा परत ठेवलेला होता, तेव्हा नऊ शतांश बरोबरच होतं. पुढच्या आवृत्तीच्या वेळी प्राध्यापकसाहेब हसून म्हणाले, "निकामी दिवा कोण शहाणा परत खोक्यात ठेवतो?" काकांनी मान डोलावून वाक्य बदललं आणि मागचं उत्तर बदलायचं राहून गेलं. चार वर्षांनी ते ध्यानात आलं, तेव्हा मॅनेजर म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत बघू." त्यानंतर काकांनी तो विषय काढलाच नाही. काढला असता तर चूक कोणाची, हेही निघालं असतं.

आवाज ऐकून मॅनेजर केबिनबाहेर आले. "बाई, हजारो मुलं हे पुस्तक सोडवतात. आजवर कोणी ब्र काढला नाही."

"म्हणजे हजारो मुलं चुकीचं शिकली की!"

"आम्ही असं काही लिहून देत नसतो. काका, तुम्हीच समजावा यांना."

काकांनी सरावसंच जवळ ओढला. मुलगी पुढे आली आणि त्यांच्याकडे बघत म्हणाली, "तीनातला एक बाहेर गेला की दोनच उरतात ना, काका? का माझंच काही चुकतंय?"

तिच्या आवाजातली ती शंका काकांना चांगलीच ओळखीची होती. आयुष्यभर तीच तर सोबतीला होती.

"तुझं काही चुकत नाही, बाळ," ते म्हणाले. "माझं चुकलंय."

"काका!" मॅनेजर ओरडले.

काकांनी कोरा कागद ओढला. उदाहरण, बरोबर उत्तर, चूक कशी झाली आणि कोणी केली, सगळं ठसठशीत अक्षरात लिहिलं. खाली सही केली. हजेरीबुकाखेरीज या कचेरीत त्यांनी कशावर सही केल्याचं त्यांना आठवेना.

बाईंनी कागद दोनदा वाचला. मग पुस्तकाचं मुखपृष्ठ पाहिलं, आतलं पान पाहिलं. "यात तुमचं नाव कुठं आहे?"

काकांनी आभाराच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'आणि इतर सहकारी.'

"इतरांत मी," ते म्हणाले.

"न्या की," मॅनेजर शांतपणे म्हणाले. "ना लेटरहेड, ना शिक्का."

बाईंचा चेहरा उतरला. मुलीनं मात्र कागदाची नीट घडी करून वहीत ठेवली, आणि दोघी जिना उतरून गेल्या.

नवव्या दिवशी तो कागद टपालानं कचेरीत परत आला. मॅनेजरांनी तो काकांच्या टेबलावर ठेवला. सोबत परीक्षा समितीचं पत्र होतं: 'सदर व्यक्तीचा पुस्तकाशी संबंध आढळून येत नाही. तक्रार फेटाळण्यात येत आहे.'

काकांनी लाल पेन्सिल उचलली. टेबलावर येणारा कुठलाही मजकूर ते असाच वाचत. शब्दाशब्दावर पेन्सिलीचं टोक टेकवत ते पत्राच्या शेवटापर्यंत गेले. त्यात एकही चूक नव्हती.