नेस, हेडली आणि बाळ

टेरिबंगच्या बाजारपेठेत क्लॅरी वीव्हरचं जुन्या सामानाचं दुकान होतं. दुकानात अगदी मागे, कान तुटलेल्या कपांच्या कपाटाखाली, बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा ठेवलेला असे. त्यात जुने फोटो. कुणी म्हातारं माणूस गेलं, घर रिकामं करायचं झालं, की पलंग-कपाटांबरोबर तेही क्लॅरीकडे येत. चांगल्या फ्रेमा विकल्या जात. आतली माणसं डब्यात पडत.

थोरा जेसप दर आठवड्याला त्या डब्यासाठी यायची. सत्तरी ओलांडलेली, उंच, हाडकुळी बाई. शाळेच्या ग्रंथालयात उभं आयुष्य गेलेलं.

"आलीस? तुझे सगेसोयरे वाट बघून पिवळे पडले," क्लॅरी म्हणायचा.

"तुझ्यापेक्षा बरे. उलटून बोलत तरी नाहीत."

फोटो घरी नेऊन थोरा आधी त्याची पाठ बघायची. कुणी नाव खरडलंय का, स्टुडिओचा शिक्का आहे का. कपड्यांच्या तऱ्हेवरून काळ ठरवायची. मग जन्ममृत्यूच्या नोंदी, चर्चमधले बाप्तिस्मे, जुनी वर्तमानपत्रं, लोकांनी इंटरनेटवर मांडलेल्या वंशावळी, असा एकेक धागा ओढत त्या माणसांची नावं शोधायची. नावं हाती लागली की त्यांचं हयात माणूस गाठायचं आणि फोटो त्याच्या हातात द्यायचा, एवढंच तिचं काम.

हा नाद तिला का लागला हे गावाला ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारत नसे. तिचा मुलगा ड्रू ऐन तारुण्यात नदीत बुडून गेला. काही वर्षांनी वणव्यात घर जळलं. आग विझल्यावर राखेत तिला किटलीचं बूड सापडलं, दाराचं कुलूप सापडलं. ड्रूचा एकही फोटो उरला नव्हता. पुढे पुढे तर त्याच्या हनुवटीवरचा व्रण डावीकडे होता की उजवीकडे, हेही तिला छातीठोकपणे सांगता येईना.

त्या शरद ऋतूत डब्यात तिला एक फोटो सापडला. खुर्चीवर बसलेली तरुण बाई, मांडीवर लांब पांढऱ्या झग्यातलं तान्हं बाळ, आणि बाईच्या गुडघ्याला टेकून उभा असलेला चारेक वर्षांचा मुलगा. बाईचा एक हात बाळाखाली होता, दुसरा मुलाच्या डोक्यावर. फोटो काढायच्या क्षणी तिनं मुलाकडे बघितलं असावं, कारण चेहरा जरा हलला होता. मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'नेस, हेडली आणि बाळ. ईस्टर.' खाली कोरावेल गावच्या स्टुडिओचा शिक्का.

"हा कुठनं आला?" थोरानं विचारलं.

"मेलबर्नहून. कुणा म्युरियल नावाच्या म्हातारीचं घर मोडलं, त्यात होता. बाईचं लग्न झालेलं नव्हतं, मागेपुढे कुणी नाही. का गं? ओळखीची निघाली का?"

"अजून नाही," थोरा म्हणाली.

हेडली हे काही रस्तोरस्ती सापडणारं नाव नव्हतं. कोरावेलच्या जुन्या वर्तमानपत्रात तिला आठवडाभरातच एक बाप्तिस्मा सापडला: वॉल्टर आणि अ‍ॅग्नेस ट्रेलोर यांची मुलगी, हेडलीची धाकटी बहीण ऊना. अ‍ॅग्नेसची नेस होते, हे थोराला सांगायला नको होतं. अ‍ॅग्नेसचं माहेरचं नाव बोलिथो, आणि तिला म्युरियल नावाची बहीणही होती. सगळं जुळत गेलं. सन एकोणीसशे अडतीस. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, त्याच वर्तमानपत्रात, दोन ओळींची बातमी होती. ऊना ट्रेलोर घटसर्पानं गेली.

त्यानंतर अ‍ॅग्नेस नाहीशीच झाली. मतदार यादीत नाही, चर्चच्या कार्यक्रमांत नाही, कोरावेलच्या दफनभूमीत नाही. वॉल्टर मात्र सगळीकडे होता: मेंढ्यांच्या प्रदर्शनात, अग्निशमन दलात, शेवटी स्वतःच्या थडग्यावर. थोरानं मग मृत्यूंच्या नोंदी राज्यभर धुंडाळल्या. अ‍ॅग्नेस सापडली तेव्हा तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. अ‍ॅग्नेस ट्रेलोर एकोणीसशे त्रेसष्टमध्ये वारली होती. ठिकाण, माउंट एलरचं मनोरुग्णालय. तिथं ती ऊना गेल्याच्या हिवाळ्यापासून होती. माउंट एलर कोरावेलहून गाडीनं अर्ध्या तासावर.

आणि हेडली ट्रेलोर जिवंत होता. नव्वदीचा. कोरावेलमध्येच.

थोरानं त्याच्या मुलीला, ग्लेनिसला, फोन केला. फोटोचं सांगितलं.

"बाबांच्या आईचा?" ग्लेनिस म्हणाली. "हे बघा, आमच्या घरात तिचं नाव काढत नाहीत. मेंढ्यांची लोकर कातरायला आलेल्या एका माणसाबरोबर ती क्वीन्सलंडला पळून गेली. पोटच्या पोराला टाकून. आजोबांनी एकट्यानं वाढवलं बाबांना."

"मी भेटायला येऊ का?" थोरा म्हणाली. "फोनवर सांगण्यासारखं नाही हे."

कोरावेलच्या बेकरीत दोघी समोरासमोर बसल्या. ग्लेनिस साठीची, गोल चेहऱ्याची, बोलता बोलता कपाखालचा रुमाल सारखा सरळ करणारी. थोरानं तिला मृत्यूचा दाखला दाखवला. ग्लेनिसनं तो वाचला, परत वाचला, आणि रुमाल सोडून दिला.

"म्हणजे ती कुठं गेलीच नव्हती."

"नाही."

"आजोबांनी ठेवली तिला तिथं?"

"त्या काळी नवऱ्याच्या सहीवर आणि डॉक्टरांच्या शब्दावर भागायचं. बाळ गेल्यावर तिनं खाणंपिणं सोडलं असेल, बोलणं सोडलं असेल. नक्की काय झालं ते मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी सांगणार नाही."

"आजोबा मला मांडीवर घेऊन पीच सोलून भरवायचे हो," ग्लेनिस म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "फोटो द्या. पण बाकीचं नको. नव्वद वर्षांच्या माणसाला आता हे सांगून काय मिळवायचं? शांतपणे जाऊ दे त्यांना."

थोराला ते पटलं नाही. पण बाप तिचा होता. "ठीक आहे," ती म्हणाली.

हेडली ट्रेलोर पाठीमागच्या व्हरांड्यात बसला होता. मोठ्या पंजांचा, ताठ बसणारा म्हातारा, दाढी घोटून केलेली, पांघरूण गुडघ्यावर. आतल्या भिंतीवर गावच्या ब्रास बँडचे फोटो रांगेनं लावलेले होते, आणि प्रत्येकात तो आपला कॉर्नेट, आखूड ट्रम्पेटसारखं वाद्य, घेऊन पुढच्या ओळीत.

"ग्लेनिस म्हणते, तुम्ही मेलेल्या लोकांच्या मागे लागता," तो म्हणाला.

"जिवंत लोक दार उघडत नाहीत, मिस्टर ट्रेलोर."

तो हसला. "मी उघडलंय. आणि हेडली म्हणा. बघू काय आणलंय."

त्यानं फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, उन्हाकडे तिरका धरला. थोरानं असे क्षण पुष्कळ पाहिले होते. लोक रडत, हसत, 'आत्याचं नाक बघ' म्हणत. हेडली तसं काही करत नव्हता. अंगठ्याचं टोक तो बाईच्या चेहऱ्याच्या बाजूबाजूनं फिरवत होता, तिला हात न लावता.

"मला वाटायचं तिचे केस काळे होते," तो म्हणाला.

मग त्याचा अंगठा खाली आला. "हे बाळ कुणाचं?"

ग्लेनिसनं थोराकडे बघितलं. एवढं तरी सांगणं भाग होतं. "तुमची बहीण," थोरा म्हणाली. "ऊना. तान्ही असतानाच गेली."

"मला बहीण होती?"

"हो."

अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडे बघत त्यानं विचारलं, "ती गेल्यावर मग आई पळाली?"

थोरा काही बोलली नाही. खोटं बोलायचं कबूल केलं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं कबूल केलं होतं. आणि आता गप्प राहणंच खोटं होऊ लागलं होतं.

"मी काहीतरी विचारतोय," हेडली म्हणाला. "ती मेली कधी? कुठं? तुम्हाला ठाऊक असणार. एवढी नावं शोधलीत."

"बाबा," ग्लेनिस म्हणाली. ती त्याच्या खुर्चीपाशी खाली बसली, त्याचा हात हातात घेतला. "बाबा, ती पळाली नव्हती. माउंट एलरला होती. आजोबांनी नेऊन ठेवलं होतं. शेवटपर्यंत तिथंच होती."

"माउंट एलरला."

"हो."

"कधीपर्यंत?"

"त्रेसष्टपर्यंत. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षापर्यंत."

हेडलीनं हात सोडवून घेतला. रागानं नाही, हाताला दुसरीकडे कुठंतरी जायचं असावं तसा. तो हात शेजारच्या लाकडी खांबावर जाऊन थांबला.

"आम्ही तिथं वाजवायला जायचो," तो म्हणाला.

ग्लेनिसला आधी कळलं नाही.

"बँड. दर नाताळला. हिरवळीवर खुर्च्या मांडायचे, आणि आतल्या लोकांना आणून बसवायचे. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. सगळ्या बायकांना एकसारखे झगे. मी शाळा सोडल्यापासून जायचो. पुढे एकट्यानं कॉर्नेट वाजवायला मला उभं करायला लागले. आमचे बँडमास्तर आधी नाव सांगायचे. मोठ्यानं. 'आता आपल्यासमोर हेडली ट्रेलोर.'"

आता ग्लेनिसच्या ध्यानात आलं.

"ती तिथं बसली असेल तर तिनं ऐकलं असेल," हेडली म्हणाला. "असं नाव दुसऱ्या कुणाचं असतं? सांगा ना तुम्ही, तुम्ही तर नावंच शोधता. ऐकलं असेल की नाही?"

"मला माहीत नाही," थोरा म्हणाली.

"ऐकलं असेल तर उठली का नाही? आणि ऐकलं नसेल तर..." त्यानं खांब घट्ट धरला. "मी त्या बायकांकडे बघायचोच नाही हो. बँडमास्तर म्हणायचे, झाडांच्या शेंड्याकडे बघून वाजवा, सूर चुकणार नाही. मी झाडाकडे बघून वाजवत होतो."

ग्लेनिसनं त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. त्यानं तिला थोपटलं, पण त्याचं लक्ष तिथं नव्हतं.

"पंच्याऐंशी, शहाऐंशी वर्षं मी तिच्यावर रागावून काढली," तो म्हणाला. "लग्नात, पोरं झाली तेव्हा, तुझी आई गेली तेव्हासुद्धा. आणि बापाच्या थडग्यावर फुलं." मग थोराकडे वळून, अगदी सभ्यपणे, त्यानं सांगितलं, "तुम्ही आता जा. तुमचं चुकलं नाही. पण जा."

थोरा गेली. गाडी चालवताना तिला रस्त्याच्या कडेला दोनदा थांबावं लागलं. घरी आल्यावर महिनाभर ती क्लॅरीच्या दुकानाकडे फिरकली नाही. शेवटी क्लॅरीच तिच्या दारात आला, बरोबर बायकोनं केलेला केक घेऊन.

"डबा भरून वाहतोय तिकडं," तो म्हणाला. "आजारी आहेस की रुसलीस?"

तिनं त्याला सगळं सांगितलं. "म्हाताऱ्याच्या रागाला तरी एक ठाव होता," ती म्हणाली. "तोही मी काढून घेतला. आणि बदल्यात काय दिलं? एक बाई, हिरवळीवर बसलेली. ती तिथं होती की नव्हती, तेही सांगता येत नाही."

क्लॅरी एरवी तोंडाळ माणूस. त्या दिवशी त्यानं नुसता केक कापला, चहा केला, आणि तिच्याबरोबर बसून राहिला.

हिवाळ्याच्या अखेरीस हेडलीनं स्वतः फोन केला. आवाज बसका झाला होता.

"आम्ही माउंट एलरला जाऊन आलो," तो म्हणाला. "ग्लेनिसनं नेलं. इस्पितळ केव्हाच बंद पडलंय. टेकडीमागं एक कुरण आहे, त्यात पुरायचे म्हणे. दगड नाहीत. ती कुठल्या बाजूला आहे ते कुणालाच सांगता येईना. मी सगळीकडे चाललो. म्हटलं, कुठंतरी जवळून जाईन."

"हेडली..."

"ऐका आधी. ती धाकटी. ऊना. ती कुठं आहे?"

ते थोराला शोधता आलं. ऊना कोरावेलच्याच दफनभूमीत होती, कुंपणाकडेच्या लहान मुलांच्या रांगेत, दगडाविना. हेडली आयुष्यभर बापाला फुलं वाहायला जाताना त्या रांगेवरून गेला होता.

वसंतात त्यानं तिथं दगड बसवला. थोराला बोलावणं होतं. वारा सुटला होता, कुंपणापलीकडे मेंढ्या चरत होत्या. ग्लेनिसनं घडीची खुर्ची आणली होती, तिच्यात हेडली बसला. या काही महिन्यांत तो फार वाळला होता. कॉलर मानेभोवती सैल झाली होती. बापाच्या थडग्याकडे त्यानं पाहिलं नाही, आणि त्या वर्षी तिथं फुलंही नव्हती.

दगडावर ऊनाचं नाव होतं, आणि त्याखाली तिच्या आईचं: अ‍ॅग्नेस बोलिथो.

"कारागीर विचारत होता, ट्रेलोर राहिलं का म्हणून," हेडली म्हणाला. "मी म्हटलं, राहिलं नाही. त्या नावानं तिचं काही भलं केलं नाही. ज्या नावानं आली त्याच नावानं जाऊ दे तिला."

"तुमचं नाव तर तेच आहे, बाबा," ग्लेनिस हळूच म्हणाली.

"माझं मी वागवीन. थोडंच राहिलंय."

त्यानं थोराला जवळ बोलावलं. "मी रोज तिला बघतो," तो म्हणाला. "डोळे मिटले की हिरवळ दिसते. कधी ती पहिल्या रांगेत असते, कधी तिथं नसतेच. पहिल्या रांगेत असते ते दिवस जास्त वाईट जातात." मग तो म्हणाला, "तरी फोटो परत नेऊ नका."

थोरा त्याच्या शेजारी गवतात बसली. घरची कामं, वाढता वारा, म्हाताऱ्याची नाजूक छाती, सगळं ग्लेनिसचं सांगून झालं. हेडलीनं मान हलवली, पण उठला नाही. दगडाकडे बघत तो तसाच बसून राहिला, आणि शेवटी ग्लेनिस गाडीतून पांघरूण घेऊन आली.