कोरफडीचं पारणं

सुलोचना देवळीला सासरी निघाली, तेव्हा मायजवळ तिनं एकच मागणं मागितलं. ओसरीवरच्या कुंडीतली तिची कोरफड जगवायची. पाणी क्वचितच, माती पार वाळली की ओंजळभर; जास्त झालं तर मुळं सडतात.

अन्नपूर्णाबाईंनी लेकीचा शब्द पदराच्या गाठीला बांधला. पण उन्हाळ्यात त्यांच्या पिपरी गावात दारी आलेल्या माणसाच्या हाती आधी पाण्याचा गडवा द्यायचा, ही रीत. आणि गडव्यात उरलेलं पाणी कोणी फेकत नाही, झाडाच्या बुडाशी घालतात. शेजारचे भैयाजी बैलाची चौकशी करायला येत, पलीकडच्या मंदाबाई विरजण मागायला येत. पाणी पीत, आणि उरलेलं मायेनं कोरफडीला पाजून जात. अडवलं तर माणसाचा अपमान, न अडवलं तर झाडाचा जीव. खालची पानं पिवळी, लिबलिबीत झाली. अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. त्या सणाला लेक माहेरी येणार, आणि कुंडीत चिखल दिसला तर तिला तोंड कसं दाखवायचं?

एका दुपारी मंदाबाईंचा गडवा कुंडीवर कलला, तसा अन्नपूर्णाबाईंनी त्यांचा हातच धरला. दुसरं काही सुचेना.

"राहू द्या मंदाबाई. तिचा निर्जळी उपास हाय."

मंदाबाईंनी गडवा मागे घेतला, डोक्यावर पदर ओढला. कोणत्या देवाचा, ते विचारलं नाही. दिवेलागणीपर्यंत बातमी घरोघरी झाली. मग भैयाजी तोंडातलं पान थुंकूनच ओसरी चढू लागले. गल्लीतली जिजाबाई येऊन कुंडीपाशी बसली आणि चक्कर तर येत नाही ना, असं कोरफडीला हळूच विचारून गेली. पहाटे जात्यावर मंदाबाईंनी ओवीच घातली:

काय सांगू बाई, कोरफडीचं सत्त्व
कोरड्या गं मातीत, हिरवंगार व्रत

पानं पुन्हा ताठ झाली. अन्नपूर्णाबाईंचा जीव भांड्यात पडला.

पण उपास म्हटला की पारणं आलंच. तेही बायांनी आपसात ठरवून टाकलं. अखजीच्या सकाळी सगळ्याजणी नव्या घागरी भरून दारात हजर. अन्नपूर्णाबाई कुंडी मांडीवर घेऊन, तिला कवेत धरून बसल्या.

"उठा वो बाई," मंदाबाई म्हणाल्या, "किती जीव घेता तिचा?"

तेवढ्यात लेकीला आणायला गेलेल्या तिच्या बापाची, डोमाजींची बैलांची दमणी दारात थांबली. सुलोचना उतरली. घागरी पाहिल्या, मांडीवर कुंडी घेतलेली माय पाहिली. मायनं तिच्या कानात सगळं सांगितलं. तिनं वाकून पानं बाजूला सारली. बुडाशी मातीतून बोटाएवढी पिल्लं वर आली होती.

"काकू, घागरी खाली ठेवा," ती म्हणाली. "बाळंतिणीले कोनी थंड पाणी पाजते काय?"

मंदाबाईंनी वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अन्नपूर्णाबाई, तुमी पोटुशीकडून निर्जळी करवली? काऊन वो?"

अन्नपूर्णाबाईंनी कुंडीवर पदर ओढला. घागरी एकेक करून परत फिरल्या. बैल सोडून डोमाजी ओसरी चढत होते. मंदाबाईंनी त्यांना पायरीवरच अडवलं, बाळंतिणीपाशी पुरुषांनी इतक्यात जायचं नाही म्हणून. डोमाजींनी लेकीकडे पाहिलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

मायलेकी हुश्श करणार, तोच जिजाबाई निखाऱ्यांनी भरलेली शेगडी घेऊन शेक द्यायला येताना दिसली. दोघींनी दोन्हीकडून कुंडी उचलली आणि घरात शिरून आतून कडी लावली.