लग्नाची निगेटिव्ह

“दिरानं ह्यांच्या मोबाईलचा पासवर्ड टाकून टाकून बघितला, चाचा. आन् त्यातलं सगळंच पुसलं गेलं.”

शिरूरच्या जुन्या स्टुडिओत अनिता काउंटरला धरून उभी होती. निमोण्याहून ती लेकीला, सोनमला, घेऊन आली होती. नवरा सत्यजीत रांजणगावला कंपनीत होता. पहिल्या पाळीला जाताना त्याच्या दुचाकीला टेम्पोने उडवले. उद्या दहावा, आणि फ्रेम करायला फोटो नव्हता.

“दुसऱ्या कुणाच्या मोबाईलमधी?” काउंटरमागून फोटोग्राफर सुभानचाचांनी विचारले.

“हेच सगळ्यांचे काढायचे. ह्यांचा कोण काढणार? आधार कार्डावरचा तर वळखू येत न्हाई.”

चाचांचा चेहरा उजळला. “तुमचं लग्न मीच काढलंय, ताई. रोलवर. पोरं हसत्यात मला, पण मोबाईलचं काय खरं हाय? निगेटिव्ह हातात ऱ्हाती.”

माळ्यावरचे डबे उतरवून त्यांनी ती शोधलीच. उजेडाला धरली. एक ओरखडा नव्हता. रंगीत कागद आता मिळत नव्हता, म्हणून उरलेल्या काळ्यापांढऱ्या कागदावर फोटो काढायचे ठरले.

डार्करूमच्या लाल उजेडात मायलेकी ट्रेवर वाकल्या. औषधात कागद हलत होता. आधी केस आले, मग डोळे, मग मुंडावळ्या. अनिताने तोंडावर पदर धरला.

“ही मम्मी,” सोनम म्हणाली. “आन् हे कोण?”

“पप्पा हायेत तुझे.”

“न्हाई.”

कोवळी मिशी, बसलेली गालफडं, भेदरलेली नजर. सोनमचे पप्पा चष्मा लावायचे. त्यांचं पोट सुटलं होतं, पुढचे केस गेले होते.

अनिता बराच वेळ बघत राहिली. तिलाही तो पोरगा परका वाटायला लागला. “चाचा, आत्ताचे होते तसे करता येतील?”

“कॉम्प्युटरवाला करील कायतरी. पण ते हे नसतील.” फिल्मची बाजू घेऊन जन्मभर भांडलेला त्यांचा आवाज खाली गेला. “कॅमेऱ्यापुढं नव्हतं, ते निगेटिव्हमधी कुठून आणू, ताई?”

फोटो वाळला. अनिता म्हणाली, “मला काढा ह्यातून. दहाव्याच्या फोटोत शेजारी मी असून कसं चालंल?”

चाचांनी पट्टी लावून कटर ओढला. सत्यजीतच्या खांद्याला टेकलेला तिच्या शालूचा काठ तेवढा राहिला.

“काठ बी कापू?”

“खांदा जाईल त्यांचा. ऱ्हाऊ द्या.”

तिने फोटो पदराखाली घेतला. सोनमने काउंटरवरचा कापलेला तुकडा उचलला आणि त्यातल्या नवरीकडे बघत विचारले, “हा मी घेऊ?”