हौदात उतरण्याआधी

मी लाकडाचा एक जुना हौद आहे, मित्रांनो. पाण्याचा नव्हे, माझ्यात द्राक्षांचा रस आंबवून त्याची वाइन करतात. माझी उंची दोन माणसांएवढी आहे, तोंड वरून उघडे आहे आणि अंगाला बाहेरून एक शिडी टेकवलेली आहे. कॅलिफोर्नियात ड्राय क्रीकच्या खोऱ्यात लोरेन्झीनी कुटुंबाचे कोठार आहे, तिथे मी उभा असतो. माझा घेर पाहून लोक म्हणतात, काय दांडगा आहे! पण खरे सांगू? मी कित्येक वर्षे भीत आलो आहे, आणि तेही माझ्याच पोटाला.

माझे लाकूड रशियन नदीकाठच्या जंगलातले. तिथली तांबड्या खोडाची झाडे इतकी उंच असतात, की त्यांचे शेंडे सकाळच्या धुक्यात दिसतच नाहीत. कारागिराने माझ्या फळ्या तासल्या, एकही खिळा न मारता त्या एकमेकींना भिडवल्या आणि लोखंडी पट्ट्यांनी आवळल्या. मग मला पाण्याने भरले. फळ्या फुगल्या आणि सगळ्या फटी मिटल्या. त्या दिवशी मला वाटले, आता आपल्या आयुष्यात काळजी कसली ती उरली नाही.

पुढे देशात दारूबंदी आली आणि मी वर्षानुवर्षे कोरडा पडलो. फळ्या आकसल्या. फटींतून उजेड आत येऊ लागला. कोळ्यांनी जाळी विणली. कोठाराचा मालक ओरेस्ते लोरेन्झीनी तेव्हा तरुण होता. अबोल आणि हट्टी. मी मोडून पडू नये म्हणून तो अधूनमधून यायचा, माझ्यावर बादल्या ओतायचा आणि निघताना पाठीवर थाप मारायचा. एवढेच. पण त्या थापेवर मी तग धरला.

बंदी उठली आणि कोठार पुन्हा जागे झाले. शरद ऋतूत झिनफंडेल जातीच्या काळ्या द्राक्षांच्या पेट्या येऊ लागल्या. ओरेस्ते रसात बाहेरचे काही घालत नसे. द्राक्षाच्या सालीवर जे असेल, कोठाराच्या हवेत जे असेल, त्यावरच रस आंबला पाहिजे, असे त्याचे म्हणणे. एक-दोन दिवसांत माझ्या पोटात खदखद सुरू व्हायची. साली वर येऊन त्यांचा जाड थर जमायचा, आणि ओरेस्ते लांब दांड्याने तो थर पुन्हा रसात दाबायचा. गावात लोक आमच्या वाइनची तारीफ करत. माझीही करत. मला अभिमान वाटे.

मग एक दिवस ती पाकोळी आली.

वाइन काढून झाली होती. तळाशी सालींचा चोथा तेवढा राहिला होता. वाशावर घरटे असलेली एक पाकोळी चिलटांमागे माझ्या तोंडातून आत शिरली. ती गिरकी घेऊन वर यायला हवी होती. ती आली नाही. पंख एकदा फडफडले आणि ती चोथ्यावर पडली. मी तिला काही केले नव्हते. माझ्यात पाणी नव्हते, विस्तव नव्हता, दिसेल असे काहीच नव्हते. रस आंबताना जी जड हवा सुटते ती खाली बसून राहते आणि तिच्यात श्वास घेता येत नाही, हे मला त्या दिवशी कळले. तेव्हापासून माझी झोप उडाली म्हणा ना.

ओरेस्तेला हे ठाऊक होते. चोथा उपसायला कुणी आत उतरण्याआधी तो दोरीला मेणबत्ती बांधून खाली सोडायचा. ज्योत विझली, तर त्या दिवशी कुणी उतरायचे नाही. बायको नोरिना असो, मुलगी एल्दा असो की मुलगा सिल्विओ, कुणालाही सूट नव्हती. ज्योत विझली की मला हायसे वाटे.

दुसरे महायुद्ध संपून दहा-बारा वर्षे झाली असतील. सिल्विओ विद्यापीठातून वाइनचे शास्त्र शिकून परतला आणि त्याने कोठाराच्या दुसऱ्या टोकाला पोलादाची एक चकचकीत टाकी आणून बसवली. रस थंड ठेवायला तिच्याभोवती गार पाण्याच्या नळ्या, आणि खाली एक दार. आंबवण्यासाठी तो विकतचे यीस्ट घालायचा. बापलेकांची रोज जेवताना जुंपायची.

"लोखंडाच्या पोटात चव कुठून येणार?" ओरेस्ते म्हणायचा.

"आणि तुमच्या हौदात दरवर्षी वेगळीच चव येते, त्याचं काय?" सिल्विओ म्हणायचा. "मागच्या वर्षीची तर आंबट सिरका झाली होती, सॅलडवर ओतायच्या लायकीची."

"सॅलड छान लागलं की नाही?"

"बाबा, निदान हौदाला खाली एक दार तरी पाडू या. हवा वाहून जाईल."

"हौदाला भोक पाडतोस? उद्या म्हणशील, बोटीलाही पाड."

नोरिना दोघांपुढे मक्याच्या पिठाचा मऊ पोलेंटा वाढायची आणि म्हणायची, "खाऊन घ्या आधी. तुमच्या दोघांच्या वाइनीपेक्षा भांडणच जास्त मुरलंय."

मी त्या पोलादी टाकीकडे बघायचो. तिची चमक मला लाभणार नव्हती. पण रस तिच्यातही आंबत होता, म्हणजे ती हवा तिच्याही पोटात होती. त्या दाराचा मला हेवा वाटे.

त्या वर्षी पाऊस लवकर आला. झिनफंडेलचे घड घट्ट असतात. आत पाणी शिरले की दाणे कुजतात. दुपारी पश्चिमेकडून काळे ढग चढले. अंगणात द्राक्षांनी भरलेला ट्रक उभा होता आणि माझ्यात जुना चोथा तसाच होता. सिल्विओ आणि एल्दा ट्रकवर ताडपत्री ओढत होते. ओरेस्ते एकटाच कोठारात आला. त्याने दोरी शोधली. ती ताडपत्री बांधायला नेली होती. त्याने बाहेर ढगांकडे पाहिले. मग फावडे उचलून तो शिडी चढू लागला.

मित्रांनो, माझी प्रत्येक फळी ओरडत होती, पण लाकडाचा आवाज कुणाला ऐकू येतो? चढू नकोस, म्हाताऱ्या. भिजू देत द्राक्षे. कुजू देत. त्याने दुसरी एक शिडी आत सोडली, खाली उतरला, बूट चोथ्यात रुतले. त्याने एक फावडे भरले. दुसरे भरताना तो थांबला आणि एक हात माझ्या अंगावर टेकवला. तो हात घसरत घसरत खाली गेला. मग त्याचा सगळा भार माझ्या तळावर आला. त्यानंतर काहीच हलले नाही.

ताडपत्रीवर थेंब वाजू लागले होते. आत कुणी येईल की नाही, मला कळत नव्हते. ते थोडेसे क्षण मला दारूबंदीच्या सगळ्या वर्षांहून लांब वाटले.

"बाबा?" एल्दाचा आवाज आला. "बाबा, दोरी हवी होती का?"

तिला शिडी दिसली. ती वर चढली, आत डोकावली, आणि तिने एक पाय माझ्या काठावरून आत टाकला. मी थरारलो. आता दोघे.

मागून सिल्विओने तिचा कमरपट्टा धरला आणि तिला मागे खेचले.

"सोड मला! बाबा आहेत खाली!"

"तू उतरलीस तर तूही तिथेच पडशील. मग मी कुणाकुणाला काढू?" त्याने भिंतीकडे बोट दाखवले. "आत श्वास नाहीये, एल्दा. आकडा घे. वरूनच ओढ. त्यांचं तोंड वर धरून ठेव, बस."

चोथा ओढायचा लांब आकडा भिंतीला होता. एल्दा काठावर पोटावर आडवी झाली, तोंड बाहेर वळवून तिने श्वास भरून घेतला आणि आकडा बापाच्या पँटच्या खांदपट्ट्यांत अडकवला. तिने ओढले. त्याचे डोके चोथ्यावरून उचलले गेले, पुन्हा खाली झुकले, पुन्हा उचलले गेले. प्रत्येक ओढीचा धक्का आकड्याच्या दांड्यातून माझ्या काठाला बसत होता.

सिल्विओ कुऱ्हाड घेऊन आला.

एरवी कुऱ्हाड पाहून मी मेलोच असतो. त्या वेळी मात्र वाटले, मार. लवकर मार. पहिला घाव माझ्या तळाजवळ बसला. ते लाकूड चोथ्याने भिजून मऊ झाले होते. दुसरा, तिसरा. फळी फुटली. माझ्या पोटातली ती जड, न दिसणारी हवा त्या भोकातून पाण्यासारखी बाहेर वाहू लागली. सिल्विओने कोठाराची दोन्ही दारे सताड उघडली. बाहेरचा ओला वारा आत घुसला. त्याने आणखी घाव घातले, शेजारची फळीही गेली, आणि बापाचे दोन्ही खांदे धरून त्याने त्याला भोकातून बाहेर ओढले.

नोरिना स्वयंपाकघरातून धावत आली होती. ती ओरेस्तेच्या उशाशी बसली आणि त्याच्या तोंडावरचा चोथा ॲप्रनने पुसू लागली. "श्वास घे," ती म्हणत होती. "मेल्या, श्वास घे." सिल्विओ त्याच्या तोंडात फुंकत होता, छाती दाबत होता. कुणी रडत नव्हते. मग ओरेस्तेच्या घशातून एक घरघर आली, आणि तो खोकला.

बऱ्याच वेळाने त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले.

"कुऱ्हाड कुणी चालवली?"

"मी," सिल्विओ म्हणाला.

"एका फळीत काम झालं असतं. दोन तोडल्यास."

सिल्विओ तिथेच ओल्या फरशीवर बसला आणि मग मात्र रडला. ट्रकमधली द्राक्षे त्या पावसात गेली. त्या वर्षी त्यांच्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढले नाही.

मला दुरुस्त केले ते बापलेकांनी मिळून. फुटलेल्या जागी ओरेस्तेने स्वतः मोजमाप घेऊन दार बसवले. आता चोथा उपसण्याआधी ते दार उघडतात, पंखा लावतात आणि वाट पाहतात. त्याशिवाय एल्दाने एक नवा नियम काढला. आत गेलेल्याने सतत बोलत राहायचे आणि दुसऱ्याने बाहेर बसून ऐकायचे. ओरेस्तेसारख्या अबोल माणसालाही बाहेर बसून विषय काढावे लागत.

"एल्दा, काल पोलेंटात मीठ जास्त होतं ना?"

"आईला सांगू का?"

"नको. बोलत राहा म्हणजे झालं."

मित्रांनो, माझी भीती अजून गेलेली नाही. दर शरदात कुणी शिडीला हात लावला की माझ्या फळ्या आवळतात. तुमच्याकडेही माझ्यासारख्या जागा असतील: बंद पडलेली विहीर, धान्याचे पेव, मैल्याची टाकी. त्या शांत दिसतात. त्यांच्यावर विश्वास टाकू नका, आणि पोटासाठी राबणाऱ्या कुणाला त्यांत उतरायला लावू नका. कुणी आत पडला, तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. हाका मारा, माणसे गोळा करा, हवा आत येऊ द्या. काम उद्यावर गेले तर जाऊ द्या.

ओरेस्ते त्यानंतर पुष्कळ वर्षे जगला. गेला तो आपल्या घरात, आपल्या अंथरुणात, नोरिनाचा हात हातात धरून. कष्ट करणाऱ्या प्रत्येक माणसाला असेच जाता यावे, एवढेच माझे मागणे आहे.