लाथेवर चालणारी लिफ्ट

आमची लिफ्ट लाथेवर चालायची. जाळीचं दार कितीही ओढलं तरी खालचा कोपरा बोटभर उघडा राहायचा, आणि दार पुरतं लागल्याशिवाय ती हलायची नाही. मग त्या कोपऱ्यात एक लाथ. सगळी बिल्डिंग मारायची. आमची पिटू चालायला लागली तसा नवरा तिला काखेत धरून झुलवायचा. तिचं लोण्यासारखं पाऊल दाराला टेकायचं, मागून तो गुपचूप स्वतःची लाथ घालायचा, लिफ्ट निघायची. मग पिटू माझ्याकडे असं बघायची, जणू बिल्डिंग तिनेच उचललीय.

एक दिवस लिफ्ट हललीच नाही. मेकॅनिकने उघडून दाखवलं: लाथा खाऊन खाऊन दाराच्या कुलपाची जीभ वाकली होती, आतली तार तुटली होती. झीज असती तर कंपनीने बघितलं असतं. हे मारून मोडलेलं, खर्च तुमचा. सेक्रेटरी म्हणाले, सगळ्यांचे वाटे आल्याशिवाय काम सुरू होणार नाही. सगळ्यांचे आले. तळमजल्यावरच्या शिंप्याचा आला नाही.

वर सहाव्या मजल्यावर सासूबाई मांडीचं हाड मोडून पडलेल्या. दवाखान्यात न्यायच्या दिवशी नवऱ्याने आणि वॉचमनने त्यांना खुर्चीला बांधून जिन्याने उतरवलं. शेवटच्या वळणावर वॉचमनचा पाय सटकला. खुर्चीसकट सासूबाई खाली गेल्या. मागून पिटूला घेऊन उतरत होते, तिचं बोट सोडून मी धावले, सासूबाईंना खुर्चीतून सोडवलं आणि डोकं मांडीवर घेतलं. त्यांच्या तोंडून नुसती हवा येत होती.

आवाज ऐकून शिंपी बाहेर आला, गळ्यात टेप तशीच. नवरा म्हणाला, हे तुझ्यामुळे झालं.

"लाथा तुम्ही मारायच्या आणि भरायचं मी? मी त्या पिंजऱ्यात कधी पाय ठेवला नाही."

खरं होतं ते. म्हणूनच नवरा पेटला असावा. त्याने टेप धरून शिंप्याला ओढलं आणि तोंड जाळीवर आपटलं. पुन्हा आपटलं. एक दात माझ्या पायाशी घरंगळत आला. शिंपी पडला, तसा नवरा बरगड्यांत लाथा घालू लागला. आवरायला गेलेल्या वॉचमनचं नाक त्याच्या कोपराने फुटलं. सासूबाई पुटपुटत होत्या, पुरे रे राजा, मरेल तो. आईचंही त्याला ऐकू जाईना.

शिंपी हलायचा थांबला.

पिटू कधी पुढे गेली, कळलंच नाही. शिंप्यापाशी उभं राहून तिने आपलं पाऊल उचललं आणि हळूच त्याला लाथ मारली. मग बापाकडे वळली.

"बाबा, तू पण मार. मग काका चालू होतील."

नवऱ्याचा उचललेला पाय तसाच खाली टेकला.

शिंप्याला खोकला आला, रक्ताची गुळणी बाहेर पडली. चाचपडत त्याने पिटूचा घोटा पकडला, पडणारा माणूस कठडा धरतो तसा. नवरा गुडघ्यांवर बसला, शिंप्याची बोटं सोडवायला गेला, आणि त्याला सोडवेनात. तिथेच हात ठेवून हुंदके देऊ लागला.

बाहेर दवाखान्याची गाडी हॉर्न देत होती.

"आधी त्याला ने," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याने कलंडलेली खुर्ची सरळ केली आणि शिंप्याला तीत बसवलं.